धूमकेतू पडत नसतो

धूमकेतू पडत नसतो. तो घाईत नसतो, सर्रकन जात नसतो आणि कुणाच्या छपरावर तर मुळीच उतरत नसतो. तारांगणात निवेदिका म्हणून मी हे इतक्यांदा बोलले आहे की घुमटाखालच्या खुर्च्यांनाही ते पाठ झालं असेल. तरी रोज कुणीतरी उठतं आणि म्हणतं, "मॅडम, आम्ही गच्चीवरून धूमकेतू पडताना पाहिला." चांगली शिकलेली माणसं असतात. चपलेच्या दोन छटांवरून दुकानदाराचा जीव खातील, पण आभाळातलं काहीही यांना चालतं.

मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. लांबच्या वाटेने तो सूर्याला वळसा घालायला येतो, सूर्याजवळ आला की त्याच्यातला बर्फ वाफ होऊन उडतो आणि त्याची शेपटी होते. दिसला तर आठवडेच्या आठवडे दिसतो, मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यासारखा. उल्का वेगळी. ती म्हणजे वाळूच्या कणाएवढा खडा. हवेत शिरतो, जळतो, पापणी लवेपर्यंत संपतो. आणि लघुग्रह म्हणजे खडक, बहुतेक सगळे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फेऱ्या मारत बसलेले. नुसत्या डोळ्यांना ते जवळजवळ दिसतच नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाई एवढी का तडकते. तडकते, कारण या घोटाळ्यापायी माझी धाकटी बहीण जन्मभर फाटकाबाहेर उभी राहिली.

आमच्या घरामागे काचेचा कारखाना आहे. आजोबांनी उभा केला, बाबा आणि काकांनी चालवला, बाबा गेल्यावर काकांच्या ताब्यात आला. दिव्यांच्या काचा, हंड्या, फुलदाण्या, सगळं फुंकून करतात. काच वितळते ती मुशीत. मूस म्हणजे भाजलेल्या मातीचं मोठं भांडं, भट्टीच्या पोटात ठेवलेलं. या मुशीला गार वारा सोसत नाही. तापलेली असताना झोत लागला की तडकते, रस विस्तवात वाहून जातो आणि भट्टी बसते. म्हणून भट्टीच्या तोंडाशी सतत कुणीतरी बसलेलं असतं. त्याला आमच्याकडे राखण म्हणतात, आणि राखणीवरून उठणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक सोडून देणं.

नवी भट्टी पेटवायची तेव्हा कारखान्यात काम करणारा प्रत्येक जण स्वतःच्या हातच्या कामाचा एक फुटका तुकडा गार मुशीत टाकतो. तो पहिला रस मूस आतून माखण्यापुरता असतो, विकायचा नसतो. मग कुणीतरी एक जण भट्टी पेटवतो, आणि जो पेटवतो त्याची ती भट्टी. पुढे तीत कुठला रंग, कुठलं काम, कोण कामगार, हे तोच ठरवतो. आजोबांपासूनचा हा नियम काकांनीही मोडलेला नाही. फक्त धाकटीला पेटवणीच्या दिवशी ते फाटकाबाहेर घालवतात.

कारण काकांची गोष्ट. धाकटी जन्मली त्या संध्याकाळी कारखान्यावर धूमकेतू पडला, आणि त्याच क्षणी मोठी मूस फुटली. भट्टी बसली, कामगार सोडून गेले, घर सावरायला वर्ष गेलं. झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, आणि पोरीचं नाव पडलं शेपटी. काका शेपटी म्हणत, काकू म्हणत, कामगारही म्हणू लागले. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत तेवढं उरलं. मी ते टोपणनाव कधी तोंडात घेतलं नाही, मी धाकटीच म्हणते. बाबांनी त्या गोष्टीला कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला त्यांचा अजून राग येतो.

गंमत अशी की, त्या घरात आज रंग तिच्याइतके कुणाला कळत नाहीत. कोबाल्ट किती घातलं की निळा पाण्यासारखा राहतो आणि किती घातलं की शाईसारखा होतो, हे ती नुसत्या रसाच्या धारेवरून सांगते. दर काही वर्षांनी जुनी भट्टी पाडून नवी बांधावी लागते. त्या त्या वेळी धाकटी स्वतःच्या कामाचा एक तुकडा मुठीत धरून माझ्याकडे तारांगणात यायची, मागच्या रांगेत बसून सगळे खेळ बघायची आणि जाताना तो तुकडा माझ्या टेबलावर ठेवून जायची. हिरवा, पिवळसर, एक जांभळा. मुलं विचारतात, बाई, हे आकाशातून पडलेले दगड का. मी म्हणते नाही, घरातून बाहेर पडलेले आहेत. मुलांना काही कळत नाही.

तर परवा तिचा फोन आला.

"ताई, शनिवारी येते तुझ्याकडे. सकाळपासूनच."

"का गं? शनिवारी रंगांच्या भट्टीची पेटवणी ना?"

"हो. म्हणूनच."

मला क्षणभर समजलंच नाही. रंगांची छोटी भट्टी ही तिची कल्पना. नकाशा तिचा, विटा तिने निवडलेल्या, मूस भाजायला तिने दुसऱ्या गावी चकरा मारलेल्या. ती भट्टी तिची होणार, हे मी धरूनच चालले होते.

"पेटवणार कोण मग?"

"काका म्हणाले, दादा पेटवेल." दादा म्हणजे काकांचा मुलगा. "म्हणाले, एवढं मोठं काम आहे, शंका नको. मी नंतर येऊन रंग सांगत जावे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बरं म्हटलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीने भट्टी बांधायची आणि त्या ठोंब्याने काडी लावायची. पुढे जन्मभर त्याला विचारून रंग घालायचे. मी तिला म्हटलं, शनिवारी तू इकडे यायचं नाहीस, शुक्रवारी जेवायला मी तिकडे येते.

शुक्रवारी दुपारी कारखान्यालगतच्या मोठ्या खोलीत सगळे जेवायला बसले होते. लांब टेबल, वर जुन्या नमुन्याचे दिवे, खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने रंगांच्या बरण्या. काका टेबलाच्या टोकाशी, काकू त्यांच्या शेजारी, आणि दोघांच्या मधोमध दादा. हा माणूस चाळिशीला आला तरी त्या दोघांमधली जागा सोडून कुठे गेला नाही. मनातल्या मनात मी त्याला लघुग्रह म्हणते. स्वतःचा उजेड नाही, ठरलेली फेरी चुकत नाही आणि कुणाला धडकेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. आई वाढत होती. धाकटी खाली मान घालून जेवत होती.

मी भांडायच्या तयारीनेच आले होते, पण ठरवलं, आधी काकांनाच बोलू द्यावं.

"काका, तो धूमकेतू तुम्ही स्वतः पाहिलात ना?"

काकांचा चेहरा उजळला. ही गोष्ट सांगायला त्यांना जेवण थांबवावं लागलं तरी चालतं. "पाहिला म्हणजे? या डोळ्यांनी. दिवेलागण झाली होती. मोठी भट्टी माझ्या राखणीला होती. दादा, म्हणजे तुझे बाबा, डॉक्टरांना आणायला गेलेले. आणि तो आला, टेकडीवरून असा सर्रकन. मागे ही लांब शेपटी. आपल्या छपरापलीकडे गेला, आणि त्याच क्षणी ठण्णदिशी मूस गेली."

माझ्या लहानपणी ती शेपटी हातभर होती. आता ती टेकडीपासून छपरापर्यंत आली होती.

"किती वेळ दिसला?"

"वेळ कसला? पापणी लवायच्या आत."

"दुसऱ्या दिवशी दिसला?"

"दुसऱ्या दिवशी कुठून दिसणार? पडला ना तो."

"पेपरात काही आलं? गावात आणखी कुणी पाहिला?"

"लोकांचं लक्ष असतं होय आभाळाकडे?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि घुमटाखाली सांगते तेच सांगितलं. शेपटी दिसण्याइतका मोठा धूमकेतू आला असता, तर तो महिनाभर दिसला असता. अख्खं गाव रोज संध्याकाळी त्याच्याकडे बघत उभं राहिलं असतं. पापणी लवायच्या आत जाते ती उल्का. रोज जातात, कुठे ना कुठे, वाळूच्या कणाएवढ्या. खालच्या छपरांशी आणि मुशींशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

"मग लघुग्रह असेल," दादा म्हणाला.

"लघुग्रह पडला असता तर आज आपण जेवायला बसलो नसतो."

तो गप्प बसेल असं मला वाटलं होतं. त्याने खिशातून फोन काढला, थोडा वेळ वर-खाली केलं, आणि मोठ्या विजयाने वाचून दाखवलं. "हे बघ. धूमकेतू जाताना मागे धूळ सोडतात, त्याच धुळीच्या उल्का होतात. म्हणजे शेवटी धूमकेतूच झाला की."

"बघ," काका म्हणाले. "मी खोटं बोलत नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मला रडू येईल इतका राग आला. वाचलं ते खरं होतं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. पुष्कळ उल्का धूमकेतूंच्या धुळीच्याच असतात, हे मीच रोज शिकवते. म्हणून काय खिडकीतून आलेली धूळ म्हणजे रस्त्यावरून गेलेला ट्रक होतो? मी बोलत राहिले, आवाज चढत गेला. काकू म्हणाल्या, अगं जेवताना कशाला. मला दिसत होतं की मी पालथ्या घड्यावर पाणी ओततेय. माझ्याजवळ अख्खं आकाश होतं आणि त्याने टेबलावरची एक थाळीसुद्धा हलत नव्हती.

तेव्हा धाकटीने मान वर केली.

"काका, तुम्ही कुठे उभे होतात?"

"कुठे म्हणजे?"

"तो गेला तेव्हा."

"सांगितलं ना. राखणीला होतो."

"राखणीला बसलं की समोर भट्टीचं तोंड असतं आणि मागे विटांची भिंत." ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती, रंगाचं प्रमाण सांगावं तशी. "छपराला झरोका नाही. आभाळ दिसायला खांबाला वळसा घालून अंगणात यावं लागतं. मी रोज बसते तिथे. मला आजवर ढगसुद्धा दिसला नाही."

काकांनी घास उचलला आणि परत ठेवला.

"मला वाटायचं, धूमकेतू म्हणजे बराच वेळ दिसला असेल," ती म्हणाली. "तुम्ही आधी कधीतरी बाहेर जाऊन बघून आला असाल, नाहीतर मूस गेल्यावर पाहिला असेल. पण ताई म्हणते, आणि तुम्हीही म्हणता, की तो पापणी लवेपर्यंतच होता. आणि त्याच क्षणी मूस गेली. मग त्या क्षणी तुम्ही अंगणात होतात. भट्टीचं दार कुणी लावलं होतं?"

एवढी वर्षं मी आकाश शिकवत होते आणि माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

"कोळसा टाकत असाल," ती म्हणाली. "दार उघडं असणार. आधी काही तरी उजळलं असेल अंगणात, म्हणून धावलात, आणि तेवढ्यात तो दिसला. मागे दार उघडं, अंगणाचंही उघडं. झोत सरळ मुशीवर."

"तुला काय माहीत? तू जन्मलीस तरी होतीस का," काका म्हणाले.

आणि आई बोलली. हातात वाढायचा डाव तसाच. "नव्हती जन्मली. भावजी, तुम्ही माझ्या खिडकीखाली येऊन ओरडलात. वहिनी, बाहेर बघा, बाहेर बघा. सुईण म्हणाली, ही काय वेळ आहे बाहेर बघायची. तेवढ्यात मूस फुटल्याचा आवाज आला. ही त्यानंतर बऱ्याच वेळाने झाली."

मी आईकडे बघतच राहिले. "आई, हे तू आज सांगतेस?"

"मला कधी कुणी विचारलंच नाही," आई म्हणाली. "खिडकीखाली उभं राहण्यात काही वावगं असतं, हे मला तरी कुठे ठाऊक? भट्टीत मला कोण येऊ देत होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे तर संन्यासी जन्मायचाच होता.

काका लाल झाले, मग पांढरे. वय लहान होतं, म्हणाले. आयुष्यात असं कधी पाहिलं नव्हतं, वहिनींना दाखवावंसं वाटलं. मोठ्या भावाला काय सांगायचं? आणि मग लोकच म्हणाले, पोरीचा पायगुण. आपण नुसतं नाही म्हटलं नाही. हे सगळं ते ताटाकडे बघत बोलले. लबाडी सांगत नव्हते, असं मला वाटलं. माझा राग त्याने कमी झाला नाही. एक तरणाताठा माणूस घाबरतो आणि आपली चूक पाळण्यातल्या पोरीच्या अंगावर टाकतो, इथवर मी समजू शकते. पण ती पोर रांगायला लागली, शाळेत गेली, त्यांच्याच कारखान्यात राबायला लागली, तरी एक दिवस त्यांना ते ओझं उचलून घ्यावंसं वाटलं नाही. उलट दरवर्षी शेपटीला हातभर लांबी जोडत गेले.

काकू लगबगीने म्हणाल्या, "झालं गेलं. उद्या तीही थांबेल पेटवणीला. काय हो?"

"थांबू दे की," काका म्हणाले. घसा खाकरून त्यांनी ताट जवळ ओढलं. सुंभ जळतो, पीळ जात नाही. "धूमकेतू नव्हताच म्हटल्यावर हिच्याकडे दोष येतच नाही. माझी काही हरकत नाही."

मी हेच ऐकायला आले होते. मी जिंकले होते. धाकटीने मात्र ताट बाजूला सारलं.

"आणि असता तर?"

"काय?"

"खरा धूमकेतू असता तर? महिनाभर दिसला असता, पेपरात आला असता. तर माझा दोष होता?"

मी इतकी वर्षं तो धूमकेतू नव्हता हे सिद्ध करायला धडपडत होते, जणू असता तर तिला बाहेर उभं करणं ठीकच होतं.

"मला तुमची परवानगी नको, काका," ती म्हणाली. "भट्टी मी बांधली आहे. उद्या मीच पेटवणार आहे." ती उठली आणि तिने स्वतःचं ताट उचलून नेलं.

दादाने फोन खिशात ठेवला. त्याने तिच्याशी वाद घातला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

शनिवारी सकाळी मी तारांगणातल्या माझ्या टेबलावरचे सगळे तुकडे रुमालात बांधून आणले. कारखान्यात सगळे जमले होते. नव्या विटांचा ओलसर वास येत होता. मूस भट्टीच्या पोटात गार बसली होती. आईने पहिल्यांदाच आत पाऊल ठेवलं होतं आणि ती विटांच्या त्या भिंतीकडे बघत होती. काकांनी आपला तुकडा टाकला, दादाने टाकला, कामगारांनी टाकले. धाकटीने माझ्या हातातल्या रुमालाची गाठ सोडली. हिरवा, पिवळसर, जांभळा, आणि वर आज मुठीत धरून आणलेला निळा.

"सगळे एकत्र टाकलेस तर रंग मातकट होईल," काका सवयीने म्हणाले.

"होऊ दे. पहिला रस कुणी विकत नाही."

तिने सगळे तुकडे मुशीत ओतले आणि काडी लावली. आग धरायला थोडा वेळ लागला, मग धरली. नवी भट्टी हळूहळू तापवावी लागते. पहिले काही दिवस तिला जराही झोत लागता कामा नये. पहिली राखण सगळ्यात जोखमीची, आणि ती कुणाची, हे भट्टीवाल्याने ठरवायचं. सगळे दादाकडे बघत होते. तो पुढेही झाला.

धाकटीने राखणीचं स्टूल उचललं आणि भट्टीच्या तोंडासमोर नीट ठेवलं.

"काका, बसा."

"मी?"

"ती राखण तुमची अर्धीच राहिली आहे. दार लावलेलं ठेवा. बाहेर काहीही उजळलं तरी उठू नका. काय होतं ते नंतर ताईला विचारू."

काकांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. कुणी त्यांच्या मदतीला आलं नाही. शेवटी त्यांनी बाह्या सरसावल्या, हाताने चाचपून दाराची कडी लागली आहे की नाही ते बघितलं आणि अंगणाकडे पाठ करून स्टुलावर बसले.